कापावयाची राहून गेलेली तार

कारखान्याच्या कोपऱ्यात, वीजघरात किंवा रेल्वे स्थानकाच्या टोकाला असलेल्या एखाद्या बंद खोलीत राखी रंगाची उंच लोखंडी कपाटे उभी असतात. दारावर धोक्याची पाटी असते आणि दाराला कुलूप असते. आपल्यापैकी बहुतेकांचा या कपाटांशी कधी संबंध येत नाही. तथापि आपली गाडी कोणत्या रुळावर जाणार, यंत्र केव्हा चालणार आणि केव्हा थांबणार, हे सारे त्या कुलूपबंद दारामागे ठरत असते. दार उघडून पाहिले तर आत शेकडो, क्वचित हजारो तारा दिसतात. कपाट जाणत्या कारागिराच्या हातचे असेल, तर त्या तारांच्या नीट जुड्या बांधलेल्या असतात, काटकोनात वळवून त्या आपापल्या जागी नेलेल्या असतात आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी असते. काम अडाण्याच्या हातचे असेल, तर सुगरणीने टाकून दिलेल्या घरट्यासारखा एक गुंता समोर येतो.

या दोन कपाटांतील फरक केवळ टापटिपीचा आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. दोन्हींतून वीज सारखीच वाहते, दोन्ही यंत्रे आज सारखीच चालतात. फरक कळतो तो दहा वर्षांनी, जेव्हा दुसराच कोणी कारागीर हाती नकाशा घेऊन त्या कपाटापुढे उभा राहतो. पहिल्याने काय केले हे त्याला तारांवरूनच वाचावे लागते. तारा जर खोटे सांगत असतील, तर त्याचा शहाणपणा कामास येत नाही. ही गोष्ट इतिहासाने फार मोठी किंमत वसूल करून शिकविली आहे. आज आपण अशाच एका तारेचा इतिहास पाहणार आहोत. ही तार लंडनमधील एका खोलीत होती. ती कापावयाची होती, पण कापावयाची राहून गेली.

त्यासाठी आधी रेल्वेच्या सिग्नलामागची युक्ती समजून घेतली पाहिजे. १८७२ साली अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन या संशोधकाने रुळांमधूनच वीज खेळविण्याची पद्धत सिद्ध केली. रुळांचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी विद्युत्‌दृष्ट्या वेगळा करावयाचा, त्याच्या एका टोकास बॅटरी जोडावयाची आणि दुसऱ्या टोकास रिले. रिले म्हणजे विजेच्या बळावर उचलला जाणारा लहानसा खटका. रूळ मोकळा असला की वीज रिलेपर्यंत पोहोचते, खटका उचललेला राहतो आणि सिग्नल गाडीला मार्ग देतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची लोखंडी चाके व आस यांतून वीज मधल्यामध्ये वळते, रिलेला ती मिळेनाशी होते, खटका खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो.

या योजनेतील खरी बुद्धिमत्ता तिच्या बिघडण्यात आहे. बॅटरी संपली, रूळ तुटला किंवा तार निखळली, तरी परिणाम एकच होतो: खटका खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. गाड्या खोळंबतात, प्रवासी वैतागतात, पण कोणाचा जीव जात नाही. सुरक्षित बाजूला कोसळणे हा या शास्त्राचा पायाच आहे. मात्र या पायालाही एक शत्रू आहे. खटका पडावयास हवा अशा वेळी दुसरीकडून भलतीच वीज येऊन तो उचलून धरू लागली, तर रुळावर गाडी उभी असतानाही सिग्नल मागच्या गाडीला खुशाल या म्हणतो. अशा बिघाडाचे भय या धंद्यातील माणसास सर्वांत अधिक वाटते.

भलती वीज येते कोठून? बहुधा जुन्या तारेतून. जुने काम बदलून नवे करताना नव्या तारा जोडल्या जातात आणि जुन्या निकामी होतात. निकामी तार दोन्ही टोकांकडून सोडवून काढून टाकणे हा राजमार्ग. काढणे शक्य नसेल, तर तिचे टोक इतके आखूड कापावयाचे की ते आपल्या जुन्या जागेपर्यंत पोहोचूच नये. त्यावर नवी चिकटपट्टी गुंडाळावयाची आणि ते बाजूला घट्ट बांधून टाकावयाचे. त्यानंतर ज्याने काम केले नाही अशा दुसऱ्या माणसाने नकाशा समोर धरून प्रत्येक जोडबिंदूवरच्या तारा मोजावयाच्या. नकाशावर दोन आणि जागेवर तीन दिसल्या की काम थांबवावयाचे. शाळेतल्या मुलालाही जमेल अशी ही मोजणी आहे. पण पुढे जे घडले त्यात नेमकी हीच मोजणी झाली नाही.

दक्षिण लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शन हे जगातील अत्यंत गजबजलेल्या जंक्शनांपैकी एक. वॉटर्लू स्थानकाकडे जाणाऱ्या गाड्या येथूनच जातात. तेथील सिग्नलांची तारजोडणी १९३६ सालची होती. पन्नास वर्षांत तारांवरची वेष्टने झिजून ठिसूळ झाली. ही यंत्रणा बदलली पाहिजे हे ब्रिटिश रेल्वेने १९७८ मध्येच ओळखले होते. प्रत्यक्ष योजनेस मंजुरी मिळाली ती १९८४ मध्ये. म्हणजे ज्या कामातून पुढे अनर्थ ओढवला, ते काम मुळात सुरक्षिततेसाठीच हाती घेतलेले होते, ही या कथेतील पहिली विषण्ण करणारी गोष्ट.

रविवार, २७ नोव्हेंबर १९८८. रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून असली कामे रविवारी होत. क्लॅपहॅम जंक्शनच्या रिले-खोलीत एक अनुभवी तंत्रज्ञ ‘डब्ल्यूएफ १३८’ या सिग्नलाची नवी जोडणी करीत होता. नवी तार त्याने बरोबर जोडली. जुनी तार रिलेच्या टोकाकडून सोडविली आणि हाताने वाकवून बाजूला सारली. ती आखूड कापली नाही, बांधली नाही. तिच्या उघड्या टोकावर नवी चिकटपट्टी न लावता जुनीच पुन्हा गुंडाळली. दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे फ्यूजकडून, तर ती सोडविलीच नाही. त्यामुळे त्या तारेत वीज होती. बाजूला सारलेली, निकामी समजली गेलेली, पण पूर्णपणे जिवंत अशी एक तार आपल्या जुन्या जागेपासून बोटभर अंतरावर लटकत राहिली.

सिग्नल तपासून पाहिला तेव्हा तो ठीक चालत होता. लाल व्हावयाचा तेव्हा लाल होत होता. चालते आहे म्हणजे बरोबर आहे, हा समज माणसाच्या मनात फार खोल रुजलेला असतो. तारा मात्र कोणी मोजल्या नाहीत. दोन आठवडे सारे सुरळीत चालले. पुढच्या एका रविवारी, ११ डिसेंबरला, त्याच खोलीत शेजारच्या रिलेचे काम निघाले. त्या कामात ती वाकविलेली तार हलली. तांब्याच्या तारेला आपल्या जुन्या वळणाची आठवण असते. वर्षानुवर्षे ज्या आकारात ती राहिली त्या आकाराकडे ती परत झुकते. तिचे उघडे टोक आपल्या पूर्वीच्या जागी जाऊन टेकले आणि नियम ज्या भलत्या विजेला भिऊन केलेले होते ती वीज त्या रिलेत वाहू लागली.

दुसऱ्या दिवशी, सोमवार, १२ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी आठच्या सुमारास बेझिंगस्टोकहून वॉटर्लूकडे निघालेल्या गाडीच्या चालकास तो सिग्नल अगदी जवळ आल्यावर एकाएकी लाल झालेला दिसला. अशा वेळी थांबून सिग्नलमनला कळवावयाचे हा नियम. त्याने पुढच्या सिग्नलापाशी गाडी थांबविली आणि तेथल्या टेलिफोनवरून कळविले. सिग्नलमनच्या फलकावर कोणताच दोष दिसत नव्हता. चालकाने आपले कर्तव्य अचूक बजावले होते. गाडी उभी राहिली की तिच्या मागचा सिग्नल लाल होणार आणि तिचे रक्षण करणार, याच विश्वासावर तो खाली उतरला होता. त्या सकाळी तो विश्वास खोटा ठरला. मागून पूलहून येणारी गाडी मोकळ्या मार्गाचा इशारा पाहून वळणावरून वेगाने आली आणि उभ्या गाडीवर आदळली. बाजूला फेकल्या गेलेल्या डब्यांवर समोरून येणारी तिसरी, रिकामी गाडी येऊन धडकली. चौथी गाडी मागून येत होती. तिलाही त्याच सिग्नलाने मार्ग दिला होता. अपघाताने रुळांतील वीज गेली होती, गाडी नुसत्या वेगावर घरंगळत होती, आणि चालकाच्या सावधपणामुळे ती काही पावलांवर थांबली.

पस्तीस माणसे मृत्युमुखी पडली. ४८४ जखमी झाली. जवळच्या इमॅन्युअल शाळेतील मुले आणि शिक्षक सर्वांच्या आधी मदतीस धावले. सोमवारी सकाळी कामावर निघालेली साधी माणसे होती ती. त्यांच्यातल्या कोणालाही रिले म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

असा अपघात झाला की लोकांना दोषी माणूस हवा असतो, आणि येथे तो सहज सापडण्याजोगा होता. तार कोणी कापली नाही हे कळण्यास वेळ लागला नाही. ज्याच्या हातून हे घडले त्यानेही ते नाकारले नाही. चौकशी येथेच संपविणे सोपे होते. परंतु सर अँथनी हिडन या कायदेपंडितांकडे सोपविलेली चौकशी येथून खऱ्या अर्थाने सुरू झाली. १९८९ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९३ शिफारशी होत्या. अपघातांच्या चौकशीच्या इतिहासात या अहवालाला आजही मान आहे, कारण त्याने तारेचा माग कपाटातून कचेरीपर्यंत काढला.

काय आढळले? त्या तंत्रज्ञाने मागील तेरा आठवड्यांत केवळ एक दिवस सुटी घेतली होती. आठवड्याच्या सातही दिवशी राबणे त्या काळी त्या खात्यात चालीरीतीचा भाग झाले होते. मूळ पगार तुटपुंजा, म्हणून जादा कामावाचून भागत नसे. अहवालाने आणखी एक गोष्ट उघड केली, ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. जुनी तार कापावयाची नाही, नुसती वाकवून ठेवावयाची, ही त्या माणसाची त्या दिवशीची चूक नव्हतीच; ती त्याची नेहमीची रीत होती. सोळा वर्षे तो असेच काम करीत आला होता आणि सोळा वर्षांत एकाही वरिष्ठाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून, बाबा रे, असे करावयाचे नसते, म्हणून सांगितले नव्हते. देखरेख करणारा स्वतःच दुसऱ्या कामात गुंतला होता. तपासणी करणाऱ्याने सिग्नल चालवून पाहिला, पण तारा मोजल्या नाहीत. ते आपले कर्तव्य आहे अशी त्याची समजूतही नव्हती. तपासणीचे नवे नियम १९८७ मध्ये कागदावर निघाले होते, पण ते कोणाच्या टेबलावर पोहोचले, कोणी वाचले, कोणाला समजले, याची विचारपूस कोणी केली नव्हती. त्याच विभागात १९८५ साली ऑक्स्टेड येथे तारजोडणीच्या चुकीतून धोक्याचे प्रकार घडले होते. त्यांत कोणी दगावले नाही, म्हणून त्यांतला धडाही दूरवर गेला नाही.

श्रोतेहो, येथे त्या तंत्रज्ञाला निर्दोष ठरविण्याचा हेतू नाही. चिकटपट्टी नवी लावावी, तार आखूड कापावी, हे त्याला कळावयास हवे होते. पण एका माणसाचा हात चुकला तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी तो सावरावा म्हणून जी साखळी उभारलेली असते, तिच्यात त्या दिवशी एकही कडी शाबूत नव्हती. हिडन यांच्या निष्कर्षाचे सार असे, की सुरक्षिततेविषयी कळकळ सर्वांनाच होती आणि ती प्रामाणिकही होती. केवळ त्या कळकळीच्या शेजारीच धोकादायक रीती बिनदिक्कत नांदत होत्या. १९९१ मध्ये न्यायालयाने ब्रिटिश रेल्वेला अडीच लाख पौंड दंड केला. कामाच्या तासांवर मर्यादा आल्या, तारा मोजणे आणि स्वतंत्र तपासणी सक्तीची झाली, सिग्नलाचे काम करणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना परवाने देण्याची पद्धत रूढ झाली. हे सारे वरातीमागून निघालेले घोडे होते खरे. पण ते निघाले आणि पुढची पिढी त्यावरून सुखरूप गेली.

तथापि धडे हे वारसाहक्काने मिळत नाहीत. १५ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच मार्गाच्या शेवटच्या स्थानकावर, म्हणजे खुद्द वॉटर्लूवर, एक प्रवासी गाडी सांधा चुकीच्या स्थितीत असल्याने कामाच्या गाडीवर घासली. वेग अल्प होता, कोणाला इजा झाली नाही. चौकशीत निष्पन्न झाले की सिग्नल-तपासणीच्या काळात काही तारा तात्पुरत्या म्हणून जोडल्या गेल्या होत्या आणि त्यांची नकाशावर व नियमाप्रमाणे नोंद व तपासणी झालेली नव्हती. क्लॅपहॅमचा धडा विसरला जात आहे, असा स्पष्ट इशारा त्या चौकशीने दिला. एकोणतीस वर्षांत ते काम करणारी माणसे बदलली होती, निवृत्त झाली होती. नियम पुस्तकात होता. नियम का झाला ते सांगणारे कोणी उरले नव्हते.

ही परदेशातील कथा म्हणून आपण सोडून देऊ शकलो असतो, तर बरे झाले असते. २ जून २०२३ रोजी सायंकाळी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार या स्थानकावर कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता आणि त्या मार्गावर मालगाडी उभी होती. घसरलेल्या डब्यांवर समोरून आलेली बंगळूर–हावडा गाडीही आदळली. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जे आढळले ते ऐकताना क्लॅपहॅमची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथल्या सिग्नलांच्या जोडणीत पूर्वी फेरबदल झाले होते. त्या वेळी तारांवरच्या चिठ्ठ्या प्रत्यक्षाप्रमाणे बदलल्या गेल्या नाहीत आणि ती चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानी आली नाही. अपघाताच्या दिवशी फाटकाचा अडसर बदलण्याचे काम निघाले, आणि खोट्या चिठ्ठ्यांवर विश्वासून झालेल्या जोडणीमुळे सांधा एकीकडे व सिग्नल दुसरीकडे अशी स्थिती निर्माण झाली. खरगपूर विभागातच १६ मे २०२२ रोजी बांकरानयाबाज येथे चुकीच्या तारजोडणीमुळे असाच दोष दिसून आला होता. तो वेळीच मनावर घेतला असता तर पुढचा अनर्थ टळता, असेही त्या चौकशीत नमूद झाले. ऑक्स्टेड आणि बांकरानयाबाज ही दोन गावे एकमेकांपासून हजारो मैल दूर आहेत. पण त्यांची कहाणी एकच आहे.

दोन्ही दुर्घटनांत एक सूक्ष्म भेदही आहे. क्लॅपहॅममध्ये जी तार असावयास नको होती ती होती. बहानगा येथे तारांची नावे खोटी होती. एकीकडे कपाटाने नको ते बोलून दाखविले, दुसरीकडे जे बोलावयाचे ते चुकीचे बोलले. तारांची व्यवस्था या दोन शब्दांत जे काही येते ते या दोन कलमांत सामावते: जे निकामी झाले ते काढून टाकावे आणि जे राहिले त्याचे खरे नाव त्यावर असावे. त्यात पांडित्य नाही, मोठे यंत्र नाही, फारसा खर्चही नाही. एक पक्कड, एक चिकटपट्टी, एक चिठ्ठी आणि मोजणी करणारा दुसरा माणूस, एवढेच लागते.

कोणी म्हणेल, आता संगणकाचे युग आले. रिलेंच्या भिंतीच्या भिंती जाऊन त्यांची जागा लहानशा इलेक्ट्रॉनिक पेटीने घेतली. मग तारांची चिंता कशास? तारा कमी झाल्या हे खरे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील मोटार कारखान्यांत रिलेंची जंगी कपाटे हटवून प्रोग्रॅमवर चालणारे नियंत्रक आले, तेव्हापासून हा बदल चालू आहे. पण नियंत्रक कितीही हुशार असला तरी सांधा खरोखर वळला की नाही हे त्याला अखेर एका तारेवरूनच कळते. ती तार चुकीच्या टोकाला जोडलेली असली, तर तो चुकीच्या माहितीवर अत्यंत तत्परतेने निर्णय घेतो. बहानगा येथील यंत्रणा इलेक्ट्रॉनिकच होती, हे लक्षात ठेवावे.

म्हणून एखाद्या कारखान्यात किंवा रेल्वेच्या खोलीत कोणी कारागीर कपाटापुढे मान वाकवून एकेका तारेला चिठ्ठी बांधीत बसलेला दिसला आणि काम लवकर का आटोपत नाही म्हणून वरिष्ठांनी कपाळाला आठ्या घातल्या, तर त्या घटकेला क्लॅपहॅमची ती बोटभर तार आठवावी. कारागिराला त्याचा वेळ द्यावा, रविवारनंतरची एक सुटी द्यावी, आणि त्याचे काम संपल्यावर तारा मोजावयास दुसरा माणूस पाठवावा. दुसऱ्याने मोजणे हा पहिल्यावरचा अविश्वास नसतो. त्यानेही दमावे, त्याचीही नजर चुकावी, इतका तो माणूस आहे, हे मान्य करण्याची ती सभ्य रीत आहे. ही रीत जेथे पाळली गेली नाही तेथे काय झाले, हे १२ डिसेंबर १९८८ आणि २ जून २०२३ या दोन तारखा सांगतात.